रघुनाथ धोंडो कर्वे

रघुनाथ धोंडो कर्वे (जन्म : मुरुड, १४ जानेवारी १८८२; मृत्यू : १४ ऑक्टोबर १९५३) हे भारतातील संततिनियमनाच्या चळवळीचे आद्य प्रवर्तक, लैंगिक शिक्षणाचे पुरस्कर्ते, बुद्धिवादी लेखक, संपादक आणि गणिताचे प्राध्यापक होते. इ.स. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. हे भारतातील अशा प्रकारचे पहिले केंद्र मानले जाते. इ.स. १९२७ पासून मृत्यूपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. स्त्रीचा स्वतःच्या शरीरावरील हक्क, कामजीवनाविषयीचे शास्त्रीय ज्ञान आणि वीर्य, ब्रह्मचर्य, वंध्यत्व यांविषयीच्या रूढ समजुतींचे खंडन हे त्यांच्या लेखनाचे मुख्य विषय होते. या लेखनामुळे त्यांना नोकरी गमवावी लागली आणि अश्लीलतेच्या आरोपाखाली न्यायालयातही उभे राहावे लागले. महाराष्ट्रात ते 'र. धों. कर्वे' किंवा 'समाजस्वास्थ्यकार' या नावांनी ओळखले जातात.

जन्म आणि बालपण

रघुनाथ कर्वे यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यातल्या मुरुड या गावी झाला. स्त्रीशिक्षण आणि विधवाविवाह यांसाठी आयुष्य वेचणारे महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे वडील आणि राधाबाई या त्यांच्या मातोश्री. इ.स. १८९१ मध्ये राधाबाईंचे निधन झाले. त्या वेळी रघुनाथ नऊ वर्षांचे होते. त्याच वर्षी धोंडो केशव पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवण्यासाठी रुजू झाले.

इ.स. १८९३ मध्ये धोंडो केशवांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाई या बालविधवेशी पुनर्विवाह केला. विवाहानंतर त्या आनंदीबाई झाल्या आणि पुढे 'बाया कर्वे' म्हणून ओळखल्या गेल्या. या विवाहामुळे मुरुडच्या ग्रामस्थांनी कर्वे कुटुंबावर बहिष्कार घातला. पटलेल्या गोष्टीसाठी समाजाचा रोष पत्करावा लागतो, हे रघुनाथांनी वयाच्या अकराव्या वर्षीच घरात पाहिले. शंकर, दिनकर आणि भास्कर हे त्यांचे सावत्र बंधू होत. त्यांपैकी दिनकर हे पुढे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे या दिनकररावांच्या पत्नी, म्हणजे रघुनाथांच्या भावजय होत.

शिक्षण आणि अध्यापन

रघुनाथांचे शालेय शिक्षण पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये झाले. इ.स. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले. इ.स. १९०४ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून त्यांनी बी. ए. ही पदवी मिळवली. पुण्यातील त्या काळच्या सुशिक्षित वर्गावर गोपाळ गणेश आगरकर यांच्या बुद्धिवादाचा ठसा होता. रघुनाथांच्या विचारांची घडणही त्याच परंपरेतली आहे. कोणतेही मत परंपरेने आले म्हणून मान्य करायचे नाही आणि तर्काने सिद्ध झालेले मत अप्रिय असले तरी सोडायचे नाही, ही त्यांची वृत्ती अखेरपर्यंत कायम राहिली.

पदवीनंतर त्यांनी गणिताच्या अध्यापनाचा पेशा स्वीकारला. पुढे ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. त्यांच्या लेखनातील बांधणीवर गणिताच्या शिस्तीची छाप स्पष्ट दिसते. आधी गृहीतक मांडावयाचे, मग त्याचे परिणाम क्रमाने तपासावयाचे आणि विसंगती आढळली तर गृहीतक टाकून द्यावयाचे, अशी त्यांची पद्धत होती. विषय कामजीवनाचा असला तरी तिच्यात फरक पडत नसे.

विवाह

रघुनाथ कर्वे यांच्या पत्नी मालतीबाई या माहेरच्या गंगूबाई गोखले. आपल्याला अपत्य नको, असा निर्णय या दांपत्याने विचारपूर्वक घेतला आणि तो शेवटपर्यंत पाळला. विवाहित स्त्रीची प्रतिष्ठा पुत्रप्राप्तीवर अवलंबून असण्याच्या काळात हा निर्णय दोघांनाही, आणि त्यातही मालतीबाईंना, सोपा नव्हता. अपत्य नसलेल्या स्त्रीला समाज वांझ म्हणत असे. ते तिने स्वतः ठरवलेले असू शकते, ही कल्पनाच लोकांना नवी होती. पतीच्या कार्यात मालतीबाईंचा वाटा मोठा होता. नोकरी गेल्यानंतरच्या आर्थिक ओढाताणीतही त्यांनी पतीची साथ सोडली नाही.

पॅरिसमधील वास्तव्य

इ.स. १९१९ मध्ये कर्वे गणिताच्या उच्च शिक्षणासाठी पॅरिसला गेले. फ्रेंच भाषेवर त्यांनी चांगले प्रभुत्व मिळवले. युरोपात त्या काळी कामजीवनाचा अभ्यास हा वैद्यक आणि मानसशास्त्र यांचा स्वतंत्र विषय म्हणून आकार घेत होता. इंग्लंडमध्ये हॅवलॉक एलिस यांचे ग्रंथ प्रसिद्ध झाले होते. अमेरिकेत मार्गारेट सँगर यांनी इ.स. १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात संततिनियमनाचे चिकित्सालय उघडले होते आणि त्यासाठी तुरुंगवासही भोगला होता. या साऱ्या घडामोडींचा कर्वे यांनी बारकाईने अभ्यास केला. परतल्यावर त्यांनी गणिताचे अध्यापन चालू ठेवले, पण त्यांच्या आयुष्याचे मुख्य कार्य बदलले होते.

संततिनियमन केंद्र

इ.स. १९२१ मध्ये कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. याच वर्षी मार्च महिन्यात मारी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपले चिकित्सालय उघडले होते. म्हणजे ब्रिटिश साम्राज्याच्या राजधानीत आणि मुंबईत हे काम एकाच वर्षी सुरू झाले. मात्र लंडनमधील कार्याला काही धनिकांचा आणि डॉक्टरांचा पाठिंबा होता. मुंबईचे केंद्र एका प्राध्यापकाच्या पगारावर उभे होते.

त्या काळात उपलब्ध असलेली साधने मोजकीच होती. पुरुषांसाठी रबरी पिशवी, स्त्रियांसाठी गर्भाशयाच्या मुखावर बसवायची रबरी टोपी आणि शुक्राणुनाशक औषधे यांवर मुख्य भर असे. ही साधने मिळावीत म्हणून कर्वे यांनी 'राइट एजन्सी' या नावाने विक्रीची व्यवस्था केली. साधनांची विक्री आणि सल्ला यांमुळे त्यांच्यावर नफेखोरीचा आरोप होई. प्रत्यक्षात हे कार्य आर्थिकदृष्ट्या नेहमीच तोट्याचे राहिले.

इ.स. १९२३ मध्ये त्यांचे 'संततिनियमन : आचार आणि विचार' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी 'गुप्तरोगापासून बचाव' हे पुस्तकही निघाले. पहिल्या पुस्तकात साधनांची माहिती आणि त्यांमागची भूमिका अशा दोन्ही बाजू आहेत. संततिनियमन हा लोकसंख्येचा प्रश्न आहे हे कर्वे यांना मान्य होते, पण त्यांच्या विवेचनाचा मध्यबिंदू वेगळा होता. वारंवार होणाऱ्या बाळंतपणांनी स्त्रीच्या शरीराची झीज होते आणि मूल केव्हा हवे, हवे की नको, हे ठरवण्याचा अधिकार तिला नसतो, हा त्यांना मुख्य अन्याय वाटत होता.

नोकरीचा राजीनामा

विल्सन महाविद्यालय ही स्कॉटिश मिशनऱ्यांनी स्थापन केलेली संस्था होती. संततिनियमनाचा उघड प्रचार करणारा प्राध्यापक संस्थेत असावा, हे चालकांना मान्य झाले नाही. प्रचार थांबवावा किंवा नोकरी सोडावी, असा पर्याय समोर आल्यावर कर्वे यांनी इ.स. १९२५ मध्ये राजीनामा दिला. त्या वेळी ते ४३ वर्षांचे होते. यानंतर त्यांना स्थिर नोकरी मिळाली नाही. मासिक, पुस्तके आणि साधनांची विक्री यांवरच पुढचे आयुष्य त्यांनी काढले.

'समाजस्वास्थ्य' मासिक

१५ जुलै १९२७ रोजी 'समाजस्वास्थ्य' मासिकाचा पहिला अंक निघाला. व्यक्तीचे व समाजाचे शारीरिक आणि मानसिक आरोग्य हा मासिकाचा घोषित विषय होता. कामशास्त्र, संततिनियमन, गुप्तरोग, आहार, विवाहसंस्था, वेश्याव्यवसाय, धर्म आणि अंधश्रद्धा अशा विविध विषयांवर त्यात लेख येत. मुखपृष्ठावर बहुधा नग्न स्त्रीचे चित्र असे. शरीर ही लाज वाटण्याची वस्तू नाही, हे वाचकाच्या डोळ्यांना सवयीचे व्हावे, असा त्यामागे हेतू होता.

मासिकातील वाचकांची प्रश्नोत्तरे हे सदर सर्वांत महत्त्वाचे ठरले. वैद्याला, वडीलधाऱ्यांना किंवा मित्रालाही विचारता येत नाहीत असे प्रश्न वाचक पत्राने पाठवत आणि कर्वे त्यांना थोडक्यात, सरळ भाषेत उत्तर देत. उपदेश किंवा धाक त्या उत्तरांत नसे. प्रश्नकर्त्याची टिंगलही ते करत नसत, मात्र चुकीच्या समजुतीची गय करत नसत. मासिकाचा खप मर्यादित होता आणि लेखन, संपादन, मुद्रितशोधन यांपासून अंक टपालात टाकण्यापर्यंतचा बराचसा भार कर्वे स्वतः वाहत. तरीही मासिक सुमारे २६ वर्षे चालले. त्याचा शेवटचा अंक त्यांच्या मृत्यूनंतर नोव्हेंबर १९५३ मध्ये निघाला.

वीर्यविषयक समजुतींचे खंडन

वाचकांच्या प्रश्नांत वीर्यनाशाची भीती वारंवार डोकावत असे. भारतीय वैद्यकपरंपरेत रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र असे सात धातू मानले आहेत. अन्नापासून क्रमाने एकेक धातू तयार होतो आणि शुक्र हा शेवटचा, म्हणून सर्वांत सारभूत धातू, अशी ही कल्पना आहे. रक्ताच्या कित्येक थेंबांपासून वीर्याचा एक थेंब होतो, ही लोकसमजूत तिच्यातूनच रुजली. ब्रह्मचर्याने वीर्य साठते व त्याचे तेज होते, हस्तमैथुनाने किंवा स्वप्नावस्थेने शरीर पोखरले जाते, स्मृती क्षीण होते, पुढे संतती होत नाही, अशा धारणा शाळकरी मुलांच्या मनावर पुस्तकांतून आणि व्याख्यानांतून बिंबवल्या जात. वीर्यवर्धक औषधांच्या जाहिराती याच भीतीवर चालत.

कर्वे यांनी या धारणांवर शरीरशास्त्राच्या आधारे प्रहार केला. वीर्य हा इतर ग्रंथींच्या स्रावांसारखाच एक स्राव आहे, तो साठवून ठेवल्याने शक्ती वाढत नाही आणि बाहेर पडल्याने रोग होत नाही, असे त्यांनी मांडले. हस्तमैथुनापेक्षा त्याविषयीची अपराधी भावना अधिक घातक आहे, हा त्यांच्या उत्तरांचा आशय असे. 'आधुनिक कामशास्त्र' या ग्रंथात त्यांनी हा विषय पद्धतशीरपणे हाताळला आहे.

वंध्यत्वाच्या प्रश्नालाही या विवेचनाचा उपयोग होता. मूल होत नसेल तर दोष स्त्रीचा धरून नवऱ्याचे दुसरे लग्न लावण्याची रीत त्या काळी सर्रास होती. पुरुषाचे कामसामर्थ्य शाबूत असले की त्याची जननक्षमताही शाबूत आहे, असे लोक मानत. वास्तविक या दोन भिन्न गोष्टी आहेत. वीर्य दिसण्यात नेहमीसारखे असूनही त्यात शुक्राणू नसू शकतात.

नंतरच्या संशोधनाच्या प्रकाशात

शुक्राणू सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम इ.स. १६७७ मध्ये अँटनी व्हान लेव्हेनहूक यांनी पाहिले, तर शुक्राणू आणि अंडपेशी यांच्या केंद्रकांचे मीलन ऑस्कर हर्टविग यांनी इ.स. १८७६ मध्ये समुद्री अर्चिनमध्ये दाखवले. मात्र शुक्राणू ज्या द्रवातून वाहून येतात, त्या शुक्रद्रवाचे कार्य उलगडायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध यावा लागला. कर्वे यांच्या हयातीत ही माहिती उपलब्ध नव्हती. त्यांच्या मूळ प्रतिपादनाला तिने बळकटीच दिली.

वीर्यात शुक्राणूंचा वाटा आकारमानाने अवघा २ ते ५ टक्के असतो. उरलेल्या द्रवापैकी सुमारे दोन तृतीयांश भाग शुक्राशयांतून आणि बहुतांश उर्वरित भाग पुरःस्थ म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीतून येतो. वीर्य रक्ताचे सार आहे या कल्पनेला यात कोठेही आधार सापडत नाही. शुक्रद्रवात दर मिलिलिटरमागे साधारण ३५ ते ५५ मिलिग्रॅम प्रथिने असतात. एका वेळी तीन मिलिलिटर वीर्य बाहेर पडले, असे धरले तर त्याबरोबर जाणारी प्रथिने चहाच्या एका चमचाभर दुधातील प्रथिनांइतकीच भरतात. त्याने शरीर क्षीण होण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

ही प्रथिने प्रमाणाने अल्प असली तरी प्रजननात त्यांचे कार्य महत्त्वाचे आहे. शुक्राशयांतून येणाऱ्या सेमेनोजेलिन या प्रथिनांमुळे वीर्य बाहेर पडताच जेलीसारखे घट्ट होते. प्रोस्टेट ग्रंथीतून आलेले पीएसए नावाचे विकर या प्रथिनांचे तुकडे करते आणि साधारण १५ ते ३० मिनिटांत वीर्य पातळ होऊन शुक्राणूंना हालचाल करता येते. प्रोस्टेटच्या स्रावातील जस्त या विकराला आधी रोखून धरते. सेमेनोजेलिनने ते जस्त आपल्याकडे ओढून घेतले की विकर मोकळे होते. शुक्रद्रवातील आणखी काही प्रथिने शुक्राणूंच्या पृष्ठभागावर आवरणासारखी बसतात आणि त्यांना अवेळी सक्रिय होऊ देत नाहीत. स्त्रीच्या जननमार्गात हे आवरण उतरल्यावरच शुक्राणू फलनक्षम होतात. शुक्राणूंना अशी सिद्धता लागते, हे चँग आणि ऑस्टिन या दोन शास्त्रज्ञांनी इ.स. १९५१ मध्ये स्वतंत्रपणे दाखवले. शुक्रद्रवातील काही घटक स्त्रीच्या प्रतिकारसंस्थेवर प्रभाव टाकून गर्भधारणेला अनुकूल परिस्थिती निर्माण करतात, असेही आढळले आहे.

वंध्यत्वाच्या निदानातही शुक्रद्रवातील प्रथिनांचा उपयोग होऊ लागला आहे. वीर्यात शुक्राणू नसण्याची दोन प्रकारची कारणे असतात. एक म्हणजे वृषणात शुक्राणू तयारच न होणे आणि दुसरे म्हणजे ते तयार होऊनही वाटेत अडथळा असणे. ईसीएम१ आणि टेक्स१०१ या दोन प्रथिनांच्या प्रमाणावरून हा भेद ओळखता येतो, असे इ.स. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. पीएसए हे विकर तर आता प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या रक्तचाचणीमुळे सर्वपरिचित झाले आहे.

या अभ्यासात मुंबईचाही वाटा आहे. कर्वे यांच्या मृत्यूनंतरच्याच वर्षी, इ.स. १९५४ मध्ये, मुंबईत गर्भनिरोधक साधनांच्या चाचणीसाठी सरकारी विभाग स्थापन झाला. त्याचीच वाढ होऊन परळ येथील राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्था उभी राहिली. मानवी शुक्रद्रवातून ९४ अमिनो आम्लांचे एक लहान प्रथिन वेगळे करण्याच्या कामात या संस्थेतील शास्त्रज्ञ इ.स. १९८० च्या दशकात सहभागी होते. प्रारंभी ते वृषणांच्या कार्याचे नियमन करणारे 'इन्हिबिन' समजले गेले. पुढे ते मुख्यतः प्रोस्टेट ग्रंथीचे प्रथिन असल्याचे स्पष्ट झाले.

अश्लीलतेचे खटले

भारतीय दंडविधानाच्या कलम २९२ नुसार अश्लील मजकूर प्रसिद्ध करणे हा गुन्हा होता. अश्लीलता ठरवताना न्यायालये इ.स. १८६८ च्या एका इंग्लिश निकालातील कसोटी वापरत. मजकूर ज्याच्या हाती पडेल त्याचे मन बिघडवण्याची प्रवृत्ती त्यात आहे काय, एवढेच या कसोटीत पाहिले जाई. लेखकाचा हेतू शास्त्रीय किंवा लोकहिताचा असणे हा बचाव पुरेसा ठरत नसे.

'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखाबद्दल इ.स. १९३१ मध्ये कर्वे यांच्यावर पहिला खटला भरला गेला. त्यात त्यांना १०० रुपये दंड झाला आणि अपीलही फेटाळले गेले.

इ.स. १९३४ मध्ये त्यांच्यावर दुसरा खटला झाला. या वेळी आक्षेप वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर होता. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीचे हे प्रश्न होते. कर्वे यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. गोलमेज परिषदा आणि पुणे करार यांनंतरच्या त्या काळात बाबासाहेबांच्या खांद्यावर अस्पृश्योद्धाराच्या चळवळीचा मोठा भार होता. तरीही लोकमताच्या विरुद्ध जाणारा हा खटला त्यांनी स्वीकारला. मासिक लैंगिक आरोग्याचे असेल तर त्या विषयावरील प्रश्नांना उत्तर देणे हे त्याचे कामच आहे, आणि विकृती असलीच तर ती ज्ञानानेच दूर होईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. समलिंगी आकर्षण काही व्यक्तींत निसर्गतःच असते, या हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचाही त्यांनी आधार घेतला. न्यायालयाने हा युक्तिवाद मान्य केला नाही आणि कर्वे यांना पुन्हा दंड झाला. दंड भरून त्यांनी मासिक पूर्ववत चालू ठेवले आणि प्रश्नोत्तरेही बंद केली नाहीत.

इ.स. १८६८ ची ती कसोटी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने इ.स. २०१४ मध्ये सोडून दिली. प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, असा निर्णय इ.स. २०१८ मध्ये झाला.

समकालीनांशी मतभेद

कर्वे यांना विरोध केवळ सनातन्यांकडून झाला असे नाही. राष्ट्रीय चळवळीतील अनेकांनाही त्यांचे विचार अमान्य होते. महात्मा गांधी संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांच्या विरोधात होते आणि संयम हाच एक मार्ग आहे, असे त्यांचे मत होते. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्धा येथे त्यांना भेटल्या, तेव्हाही त्यांची भूमिका बदलली नाही. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य'मधून गांधीजींच्या ब्रह्मचर्यविचारावर कठोर टीका केली. बहुसंख्य विवाहितांना न पाळता येणारा संयम सुचवणे म्हणजे स्त्रीला पुन्हा पुन्हा बाळंतपणाच्या तोंडी देणे होय, असा त्यांचा आक्षेप होता.

डॉ. आंबेडकरांचे या विषयावरील मत मात्र कर्वे यांच्याशी जुळणारे होते. इ.स. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या सोयी सरकारने उपलब्ध कराव्यात, असा प्रस्ताव त्यांच्या पक्षातर्फे मांडला गेला. तो फेटाळला गेला.

वडील आणि मुलगा यांचे मार्गही वेगळे होते. महर्षी कर्वे यांचे कार्य संस्था, वर्गणी आणि लोकसंग्रह यांवर उभे होते. त्यांना समाजाला बरोबर घेऊन जावे लागे. रघुनाथांनी संस्था उभारली नाही आणि अनुयायीही गोळा केले नाहीत. वडिलांनी स्त्रीला शिक्षण आणि पुनर्विवाहाचा हक्क मिळवून देण्यासाठी आयुष्य दिले, तर मुलाने तिच्या शरीरावरील आणि सुखावरील हक्काची मांडणी केली.

विचार

कर्वे पूर्णपणे बुद्धिवादी आणि निरीश्वरवादी होते. नीतीचा आधार धर्म नसून माणसाचे सुख आणि दुसऱ्याला इजा न करणे हा आहे, अशी त्यांची धारणा होती. कामसुख हे पाप नाही आणि त्यावर पुरुषाइतकाच स्त्रीचाही हक्क आहे, हे त्यांनी मराठीत अत्यंत स्पष्टपणे मांडले. विवाहसंस्था, पातिव्रत्य आणि वेश्याव्यवसाय यांची चिकित्सा त्यांनी याच दृष्टीने केली.

त्यांच्या कार्याला मर्यादाही होत्या. लेखन मुख्यतः शिकलेल्या शहरी वाचकांपर्यंत पोहोचले. खेड्यांतील आणि कष्टकरी वर्गातील ज्या स्त्रियांना या माहितीची सर्वाधिक गरज होती, त्यांच्यापर्यंत जाण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. तर्काच्या पलीकडे जाऊन वाचकाला आपलेसे करण्याचा प्रयत्न त्यांनी फारसा केला नाही. त्यांच्या परखड, काहीशा कोरड्या शैलीमुळे अनेक संभाव्य सहकारीही दूर राहिले.

अखेरची वर्षे

मालतीबाईंचे निधन कर्वे यांच्या आधी काही वर्षे झाले. त्यानंतर एकाकी आणि आर्थिक ओढगस्तीच्या अवस्थेतही त्यांनी मासिक बंद पडू दिले नाही. इ.स. १९५२ मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला. पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी ६५ लाख रुपयांची तरतूद होती. ज्या कार्यासाठी कर्वे यांची नोकरी गेली, ते एकतीस वर्षांनी सरकारी धोरण झाले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी वयाच्या ७१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या वेळी महर्षी कर्वे ९५ वर्षांचे होते. वडिलांना इ.स. १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले. रघुनाथ कर्वे यांना हयातीत कोणताही मोठा सन्मान लाभला नाही.

प्रभाव आणि वारसा

कर्वे यांच्या कार्याचा प्रत्यक्ष वारसा शकुंतला परांजपे यांनी चालवला. गणितज्ञ रँग्लर र. पु. परांजपे यांच्या त्या कन्या. पुण्यात आणि आसपासच्या खेड्यांत त्यांनी संततिनियमनाचा प्रचार केला. पुढे विधान परिषद आणि राज्यसभा येथेही त्यांनी हा विषय लावून धरला.

कर्वे यांनी ज्या समजुतींशी झुंज दिली, त्या अद्याप पूर्णपणे गेलेल्या नाहीत. पुरुष नसबंदीत केवळ शुक्रवाहिनी बंद केली जाते. शुक्राशय आणि प्रोस्टेट यांचे स्राव चालूच राहतात, त्यामुळे वीर्याच्या प्रमाणात जाणवण्याजोगा फरक पडत नाही आणि कामसामर्थ्यही कमी होत नाही. शस्त्रक्रियाही स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आहे. तरीही अशक्तपणा येईल या भीतीने पुरुष ती टाळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतात स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष नसबंदीचे अवघे ०.३ टक्का होते. मूल होत नसल्यास आधी पत्नीच्या तपासण्या करण्याची आणि पतीची साधी वीर्यतपासणी लांबवण्याची प्रवृत्तीही आढळते. अपत्यहीनतेच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारणाचा पूर्णतः किंवा अंशतः वाटा असतो.

ग्रंथसंपदा

'संततिनियमन : आचार आणि विचार' आणि 'गुप्तरोगापासून बचाव' यांखेरीज 'आधुनिक कामशास्त्र', 'आधुनिक आहारशास्त्र' आणि 'वेश्याव्यवसाय' ही त्यांची महत्त्वाची पुस्तके होत. त्यांनी कथा-कादंबरीलेखनही केले. 'समाजस्वास्थ्य'मधील त्यांचे विपुल लेखन डॉ. अनंत देशमुख यांनी संकलित व संपादित केले आहे.

साहित्य, चित्रपट आणि नाटकातील चित्रण

इतिहासकार य. दि. फडके यांनी र. धों. कर्वे यांचे चरित्र लिहिले. अमोल पालेकर दिग्दर्शित 'ध्यासपर्व' (२००१) हा मराठी चित्रपट त्यांच्या जीवनावर आधारित आहे. त्यात किशोर कदम यांनी रघुनाथ कर्वे यांची आणि सीमा बिस्वास यांनी मालतीबाईंची भूमिका केली. अजित दळवी लिखित आणि अतुल पेठे दिग्दर्शित 'समाजस्वास्थ्य' हे नाटक इ.स. २०१७ मध्ये रंगभूमीवर आले. कर्वे यांच्यावरील खटले हा या नाटकाचा विषय असून त्यात गिरीश कुलकर्णी यांनी कर्वे यांची भूमिका साकारली.